पंचिंगवाल्या काकांची फ्लॉपी

सरकार नावाचं कुणीतरी खरोखर कुठेतरी बसून प्रत्येक गोष्टीचा नीट विचार करतं आणि विचार करून झाला की तो स्वच्छ अक्षरात लिहून ठेवतं, यावर मनापासून विश्वास असलेला एकच माणूस मी आजवर पाहिला. ते म्हणजे आमचे पंचिंगवाले काका. बाकीच्या जगाला नियम कानांवर पडून कळतात. कुणीतरी सांगतं, आपण ऐकतो, पुढे सांगतो. काकांना ऐकलेलं चालत नसे. कुणी काहीही सांगितलं, की ते मान किंचित तिरकी करून, अगदी शांतपणे एकच प्रश्न विचारत : "कोठे लिखेल शे?" कुठे लिहिलंय? काका माझ्याशी बोलताना बहुतेक मराठी बोलत, बाजारात गुजराती, पण चिडले किंवा हळवे झाले की त्यांची अहिराणी बाहेर येई. हा प्रश्न मात्र ते सगळ्यांना, सगळीकडे, अहिराणीतच विचारत. तो त्यांच्या पोटातून येत असावा.

ते माझे सख्खे काका नव्हेत. माझे वडील आणि ते खानदेशातल्या एकाच गावचे, एकाच वर्षी सुरतेला आलेले. बाबा पांडेसऱ्याच्या एका डाइंगच्या मिलमध्ये टाइमकीपर झाले आणि काका बमरोलीला साड्यांच्या कारखान्यात शिरले. आमच्या दोन्ही घरांमध्ये एक गल्ली आणि एक पाण्याचा नळ एवढंच अंतर. बाबांनी मला हट्टाने इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्यामुळे मी चार लोकांत तोंड उघडायला घाबरणारी मुलगी झाले एवढंच, असं माझं स्वतःचं मत होतं. काकांचं मत वेगळं होतं. त्यांच्या लेखी, सरकारने जे काही लिहून ठेवलं होतं ते इंग्रजीत होतं, आणि ते वाचायला देवाने मला त्यांच्या गल्लीत आणून ठेवलं होतं.

या वाचनाची सुरुवात वांग्यापासून झाली. काकांच्या अंगावर पित्त उठायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी वांगं बंद करायला सांगितलं. खानदेशी माणसाला हे सांगणं म्हणजे काय ते खानदेशी माणसालाच कळेल. काकांनी ते चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि चिठ्ठी माझ्याकडे आणली. मी वाचून दाखवलं. "वांगं लिहिलंय," ते म्हणाले, "भरीत लिहिलंय का?" मी म्हटलं, नाही, फक्त वांगं. ते ओट्यावर बसले, उठले, परत बसले. मग म्हणाले, "भाजून, सोलून, ठेचून, मिरची-लसूण घालून झाल्यावर त्याला वांगं म्हणायचं का, हे डॉक्टरनं सांगायला पाहिजे होतं." दुसरा कुणी असता तर या शंकेच्या आडोशाला बसून दोन भाकरी भरीत खाऊन मोकळा झाला असता. काका दवाखान्यात परत गेले, पुन्हा नंबर लावला, आणि चिठ्ठीवर 'भरीतसुद्धा' असं लिहून आणलं. त्यानंतर त्यांनी भरताला हात लावला नाही. हिवाळ्यात आमच्या घरी वांगी भाजायला लागली की ते नळापाशी उभे राहून नुसता वास घेत. वास घेऊ नये असं लिहिलेलं नव्हतं.

स्वस्थ बसणं त्यांना माहीत नव्हतं. बसले तरी पाय हलत, पाय थांबले तर बोटं हलत. ती त्यांच्या कामाची सवय होती. जरीच्या काठावर मोर, कोयरी, वेल जे काही विणलं जातं, त्याचा हुकूम मागावर बसवलेल्या जेकार्डला जाड पुठ्ठ्याच्या कार्डांमधून मिळतो. कार्डाला जिथे भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. ती भोकं पाडणं हा काकांचा धंदा. समोर चौकटीच्या कागदावर नक्षी, पुढ्यात पेटीसारख्या पट्ट्या असलेलं मशीन, दहा बोटं पट्ट्यांवर आणि उजवा पाय पायट्यावर. खट्ट, खट्ट, खट्ट. मग ती कार्डं कडेच्या भोकांमधून दोरीने ओवायची, एकामागून एक, की त्यांची लांबच लांब माळ होते, आणि ती माळ मागावर फिरायला लागली की खाली कापडावर मोर उतरायला लागतो. लहानपणी मला ही जादू वाटे. काका एखादं कार्ड डोळे मिटून बोटांनी चाचपत आणि सांगत, "हे मानेचं वळण. इथून पुढे तुरा."

या धंद्याने त्यांचा भोकावर फार विश्वास बसला होता. खिशात कायम हाताने दाबायचं एक छोटं पंच असे. विजेचं बिल, घरपट्टीची पावती, मुलांची गुणपत्रकं, लग्नाच्या पत्रिका, सगळ्याला दोन्ही कडांना भोकं पाडून, कार्डांसारखी दोरीत ओवून त्यांनी घरात माळ केली होती. ती दारामागच्या खिळ्यापासून सुरू होऊन, छताखालून जाऊन, देवघराच्या कोनाड्यापाशी संपत असे. काकू म्हणत, "दुन्याले भोके पाडतस. यास्ना डोकामा एक पाडाले पायजे, थोडी हवा जाई." काका शांतपणे सांगत, "भोक पाडून ओवला की कागद हरवत नाही. ज्याला भोक नाही तो कागद उडाला." आमच्या घरची रेशनची पावती हरवली तेव्हा ते भर पंगतीत बाबांना म्हणाले होते, "तुझ्या घरात एकाही कागदाला भोक नाही. संसार कसा टिकला तुझा?"

कारखान्यातली नोकरी त्यांनी ज्या प्रकारे सोडली ते अजूनही बमरोलीत सांगतात. शेठने एके दिवशी फर्मान काढलं की यापुढे रविवारीही पाळी. सगळे खाली मान घालून उभे. काकांनी विचारलं, कुठे लिहिलंय? शेठ भडकला. कपाळावर बोट ठोकून ओरडला, "तारा कपाळमां लखेलुं छे!" काकांनी मान डोलावली. फाटकापाशी, हजेरीची टोकनं लावायच्या फळीवर, एक फुटका आरसा होता. त्यात त्यांनी बराच वेळ, डावीकडून आणि उजवीकडून, स्वतःचं कपाळ तपासलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "इथे काही नाही," टोकन खिळ्याला अडकवलं आणि घरी आले. त्याच महिन्यात त्यांनी एक जुनं पंचिंग मशीन घेतलं आणि भाड्याच्या पुढच्या खोलीत स्वतःचं काम सुरू केलं.

तर ज्या ऑगस्टबद्दल मला सांगायचं आहे, त्या ऑगस्टमध्ये ही खोली जायची वेळ आली होती. घरमालकाला तिथे माग टाकायचे होते. दिवाळीपर्यंत खाली करा, असं त्याने सांगितलं. कडोदऱ्याच्या रस्त्याला छोट्या धंदेवाल्यांच्या एका सोसायटीत एक गाळा रिकामा होता. काका पाहून आले होते. पूर्वेला दार, पश्चिमेला खिडकी, भिंतीला पोपडे. त्या पोपड्यांचंसुद्धा ते कौतुक करत. सोसायटीची अट एकच होती. गाळा मागणारा स्वतःच्या धंद्याचा असला पाहिजे, आणि त्याने चालू वर्षाचं इन्कम टॅक्सचं रिटर्न मुदतीत, म्हणजे ऑगस्टअखेरपर्यंत, भरून शिक्का मारलेली पोच सप्टेंबरच्या मीटिंगआधी आणून दिली पाहिजे. नाही तर गाळा दुसऱ्याला. आणि खोली नाही, गाळा नाही, म्हणजे मशीन विकून पुन्हा कुणाच्या तरी फाटकावर टोकन. एकदा नळापाशी ते मला म्हणाले, "माय, मी कोणत्याही कामाला भीत नाही. फक्त सकाळी उठून ते टोकन उचलायचं माझ्याच्यानं होणार नाही आता." एवढं बोलून ते आपली रिकामी बादली घेऊन घरी गेले. पाणी भरायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या कुणाला हे फार अवघड नव्हतं. आमच्या भागात टॅक्सचे कागद भरून देणारे एक भाई होते. चहा येईपर्यंत ते रिटर्न भरून देत. पण काकांचं कुठलंही काम चहा येईपर्यंत झालेलं मला आठवत नाही. झालं असं, की त्याच सुमारास त्यांनी गुजराती पेपरात वाचलं, की टॅक्सच्या खात्यात आता कॉम्प्युटर येणार, सगळं त्याच्यावर चढणार. आणि काकांकडे कॉम्प्युटर होता! रिंगरोडच्या एका साडीच्या व्यापाऱ्याने नवा घेतला तेव्हा जुना काकांनी उचलून आणला होता, रिक्षात मांडीवर घेऊन. पुढेमागे मोरसुद्धा कॉम्प्युटरवर काढतील असं बाजारात बोलत होते, तेव्हा त्याच्याशी आधीच ओळख करून घेतलेली बरी, असा हिशेब. तो पलंगाशेजारी टेबलावर असे, त्याच्यावर काकूंची जुनी बांधणी पांघरलेली. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ आणि कुंकू. मी कॉलेजबरोबर संध्याकाळी कॉम्प्युटरचा क्लास करत होते, म्हणून त्याला चालू-बंद करायचा मान माझा.

पेपरातली ती बातमी वाचल्यापासून काकांची झोप उडाली. त्यांचं म्हणणं साधं होतं. खातं कॉम्प्युटरवर जाणार असेल, तर स्वतःचा धंदा करणाऱ्याने हिशेब कागदावर द्यायचा की फ्लॉपीवर? कागदावर दिला आणि उद्या कुणी म्हणालं की हा चालत नाही, तर? फ्लॉपीवर दिला आणि कुणी म्हणालं की कागद हवा होता, तर? गाळ्याच्या कामात त्यांना एकही सैल धागा नको होता. "सरकारनं हे कुठेतरी लिहिलं असेलच," ते म्हणाले. "एवढा मोठा खर्च करून कॉम्प्युटर आणतील आणि लिहिणार नाहीत? तू फक्त माझ्याबरोबर चल आणि वाच."

मग आम्ही शोधायला निघालो. म्हणजे काका निघाले आणि मी ओढले गेले. मला अनोळखी माणसांशी बोलायचं म्हटलं की हातांना घाम येई, आणि काकांना अनोळखी माणूस दिसला की प्रश्न सुचे. आधी भाई. भाई म्हणाले, "फ्लॉपी-बॉपी कशुं नहीं, काका. कागळ भरो ने छूटा थाओ." कुठे लिहिलंय? भाई हसले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. मग माझे क्लासचे सर. ते म्हणाले, अमेरिकेत फोनवरून रिटर्न जातं. काका खूश झाले. "त्याचा कागद?" सरांकडे कागद नव्हता. काका बाहेर येऊन म्हणाले, "तुझे सर चांगले आहेत, पण तोंडी आहेत." मग चौकबाजारातलं कायद्याच्या पुस्तकांचं दुकान. तिथे टॅक्सचं उशीएवढं पुस्तक मी उभ्याने चाळलं. दुकानदार माझ्याकडे आणि मी पुस्तकाकडे बघत होते. काका मागून विचारत होते, "फ्लॉपी आहे का शेवटच्या यादीत?" नाही. "कॉम्प्युटर?" नाही. "मशीन?" मशीन होतं, पण त्याच्या घसाऱ्याबद्दल. "फ्लॉपी चालत नाही, असं लिहिलंय का?" तसंही नाही. काकांचा चेहरा उजळला. "म्हणजे नाही असं नाही!" दुकानदार म्हणाला, "बेन, लेवुं छे के वांचवुं छे?" घ्यायचंय की नुसतं वाचायचंय? मी पुस्तक ठेवलं आणि त्या दुकानावरून पुन्हा कधी गेले नाही.

ऑगस्ट असा सरकत होता. काका रोज संध्याकाळी येऊन आमच्या दारात उभे राहत, आत येत नसत, चप्पल काढत आणि घालत. खोलीतल्या मशीनची खट्ट-खट्ट मधूनच थांबे, तेव्हा आम्हाला कळायचं की त्यांना नवी शंका आली. मला अभ्यासात लक्ष लागेना. आजूबाजूच्या मागांचा आवाज जन्मापासून ऐकत आले होते, त्या दिवसांत तोही घाई करतोय असं वाटायला लागलं. शेवटी बाबा चिडले. बाबा सहसा चिडत नाहीत. "अरे, गाळा जाई तुना! कागदवर भर, आनि मोकळा व्हय!" काका मान खाली घालून ऐकून घेत होते. मग हळूच म्हणाले, "भरस. दोन्ही भरस. कागदबी, फ्लॉपीबी."

तडजोड म्हणून हे ठीक होतं. भाईंनी कागद भरला. मी दोन संध्याकाळी बसून काकांचा वर्षाचा हिशेब कॉम्प्युटरवर चढवला. काका शेजारी उभे राहून एकेक गिऱ्हाईक सांगत, प्रत्येकाच्या काठाच्या वर्णनासकट. हत्ती-वेल, दोनदा. मोर, मान तुटलेली, परत करून दिली. ते सगळं मी जुन्या पद्धतीच्या त्या मोठ्या, लवचीक, काळ्या फ्लॉपीवर उतरवलं आणि पाकिटात घालून काकांच्या हातात दिलं. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, प्रसाद घ्यावा तशी.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही ऑफिसात गेलो. खिडकीवर लिहिलं होतं 'आवक', आणि तिच्यापुढची रांग जिना उतरून सायकल स्टँडपर्यंत आली होती. काका नवा शर्ट घालून आले होते. ते पुढच्या माणसाला, मागच्या माणसाला, शेंगदाणेवाल्याला, सगळ्यांना फ्लॉपीबद्दल विचारत होते. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते. रांग जिन्याच्या वळणावर आली तेव्हा काका म्हणाले, "एकदा सगळं बघून घे," आणि पिशवीतून रिटर्न काढलं.

रिटर्नला दोन्ही कडांना भोकं होती. त्याच्यामागे फ्लॉपी होती. तिलाही दोन्ही कडांना तीन-तीन भोकं, अगदी एका रेषेत, आणि सगळं मिळून पांढऱ्या दोरीत जेकार्डच्या माळेसारखं सुंदर ओवलेलं. एवढ्या नेटकेपणाने कुणी रिटर्न बांधलं नसेल.

"काका," मी म्हटलं, "हे काय केलंत?"

"फाइलीला लागायला नको? नुसती दिली तर हरवेल."

"पण फ्लॉपीला भोक पाडलं की आतलं सगळं जातं."

काकांना ते कळायला वेळ लागला. त्यांनी फ्लॉपी उलटी करून पाहिली, बोटाने भोकं चाचपली. "भोकानं जातं?" ते म्हणाले. "माय, भोकानं तर येतं! जनमभर मी भोकं पाडून मोर आणले." मग त्यांचा आवाज खाली गेला. "सगळं गेलं? हत्ती-वेलबी?"

मी मान हलवली. ते एकदम रांगेतून बाहेर निघाले. त्यांचं म्हणणं, आता हे अर्धवट झालं, अर्धवट कागद सरकारला द्यायचा नाही, घरी जाऊन पुन्हा चढवू. मी म्हटलं, खिडकी बंद होईल. ते म्हणाले, उद्या येऊ. मी म्हटलं, उद्या मुदत संपलेली असेल. जिन्यावर ते एक पायरी खाली, मी एक पायरी वर. माळेची दोरी त्यांच्या हातातून लोंबत होती. मला त्या फळीवरची टोकनं आठवली. मी त्यांच्या नव्या शर्टाची बाही धरली आणि त्यांना परत रांगेत उभं केलं. मोठ्या माणसाला मी असं कधी धरलं नव्हतं. काका इतके चकित झाले की तसेच उभे राहिले.

खिडकीत एक बेन होत्या, वयस्क, नाकावर चष्मा घसरलेला, सकाळपासून शिक्के मारून दमलेल्या. त्यांनी ती माळ उचलली. "काका, आ शुं छे?"

"फ्लॉपी. हिसाब छे."

"फ्लॉपी अहीं नथी लेवाती." इथे फ्लॉपी घेत नाहीत.

आणि काकांच्या अंगात जीव आला. "कोठे लिखेल शे?" त्यांनी विचारलं, मग बेनना कळावं म्हणून गुजरातीत, "क्यां लखेलुं छे?"

बेननी त्यांच्याकडे पाहिलं. "लखेलुं नथी. पण नथी लेवाती."

"तो 'नथी लेवाती' एवुं लखी आपो."

"एवुं लखवानुं मारा हाथमां नथी, काका."

"तर मग कोणाच्या हातात आहे?" हे मराठीत. मागची रांग कुरकुरायला लागली. कुणीतरी म्हणालं, काकाला सिनेमाचं तिकीट द्या आणि घालवा. बेन दोरी सोडायला लागल्या, फ्लॉपी वेगळी काढून परत द्यायला. काकांनी माळेचं दुसरं टोक धरलं. खिडकीच्या आत बेन, बाहेर काका, आणि मध्ये गाळा ताणलेला.

त्या वेळी मी बोलले. काय बोलायचं ते ठरवलेलं नव्हतं. मी बेनना विचारलं, इथे अर्ज दिला तर त्याच्या नकलेवर शिक्का मिळतो ना? त्या म्हणाल्या, हो, जे आत येईल त्याला आवकचा शिक्का. एवढंच मला हवं होतं. तिथेच कठड्यावर वही टेकवून मी शाळेतल्या सुबक इंग्रजीत अर्ज लिहिला. खाली सही करणारा स्वतःचा धंदा करतो, कॉम्प्युटरवरच्या हिशेबाबद्दल खात्याचा काय नियम आहे ते त्याने पुष्कळ शोधलं, सापडलं नाही, म्हणून रिटर्न आणि सोबत फ्लॉपी एक, भोकं पाडलेली, आदरपूर्वक सादर. नियम असल्यास लेखी कळवावा. दुसऱ्या कागदावर नक्कल केली. काकांनी खाली सही केली, अक्षर न् अक्षर सुटं.

बेननी अर्ज वाचला. 'भोकं पाडलेली' पाशी थांबल्या. त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या, पण त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची अजून आभारी आहे. "दीकरी, इंग्लिश सरस छे," त्या म्हणाल्या, आणि शिक्का शाईत दाबून मारला. रिटर्नच्या पोचपावतीवर एक, अर्जाच्या नकलेवर एक. मग आपलं टेबलावरचं पंच बाजूला सारून स्वतःशीच पुटपुटल्या, "आने तो काणां पाडेलां ज छे." याला भोकं पाडलेलीच आहेत. माळ जशीच्या तशी फाइलीत गेली.

परत येताना काकांनी रिक्षात पोचपावती एकदाच पाहिली आणि मांडीवर हात ठेवून त्याखाली धरली. उधना दरवाजा आला. मग म्हणाले, "शिक्का गोल शे." मी म्हटलं, हो. "तू बोलनी," ते म्हणाले. तू बोललीस. मी म्हटलं, हो. उरलेला रस्ता आम्ही दोघंही बाहेर बघत होतो.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीने पोचपावतीऐवजी त्या अर्जाची नक्कलच सगळ्यांना फिरवून दाखवली म्हणतात. फ्लॉपी देणारा माणूस आपल्याकडे येतोय, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. गाळा काकांना मिळाला. दाराच्या आत, खिळ्यापासून नवी माळ सुरू झाली आणि तिचं पहिलं कार्ड म्हणजे ती शिक्क्याची नक्कल. कॉम्प्युटरही तिकडे गेला. त्याची बांधणी आणि झेंडूची माळ त्याच्यासोबत गेली. अर्जाचं उत्तर मात्र आलं नाही. काका पोस्टमनला वर्षभर विचारत होते. "विचार करत असतील," असं ते मला सांगत. "घाईनं लिहिलेलं काय कामाचं?"

या गोष्टीला आता दोन-तीन वर्षं झाली. मोर खरंच कॉम्प्युटरवर निघायला लागले आहेत. काकांच्या शेजारच्याच गाळ्यात डिझाइनचं सेंटर आलं, तिथली पोरं चहा प्यायला काकांकडे येतात आणि जाताना त्यांची कार्डं हातात घेऊन बघतात, जुनी नाणी बघावीत तशी. काकांच्या मशीनची खट्ट-खट्ट हल्ली सलग ऐकू येत नाही. पण सकाळी ते स्वतःच्या किल्लीने स्वतःचं कुलूप उघडतात, हे मी पाहिलं आहे. कुलूप उघडायला जेवढा वेळ लागायला हवा, त्यापेक्षा थोडा जास्त वेळ लावतात.

मला पुण्याला नोकरी लागली. जायच्या आदल्या आठवड्यात काका आमच्या दारात येऊन उभे राहिले, चप्पल काढत आणि घालत. घोडदौड रस्त्याला इंटरनेटचं दुकान निघालंय, तासावर बसू देतात, आणि सरकारी खात्यांची पानं आता त्याच्यावर असतात, असं त्यांना सेंटरच्या पोरांनी सांगितलं होतं. मी बॅग भरायची सोडून त्यांच्याबरोबर गेले.

टॅक्सच्या खात्याचं पान सापडेपर्यंत आमचा बराचसा तास संपला. मग ते यायला लागलं. वरून, एकेक ओळ करत. आधी पांढरं, मग एक निळी पट्टी, मग त्या पट्टीखाली काहीतरी सोनेरी, अगदी सावकाश खाली सरकत. मी खुर्चीत चुळबुळत होते, घड्याळ बघत होते, बाहेर माझी हजार कामं पडली होती. बाजूला पाहिलं तर काका स्वस्थ बसले होते. पाय हलत नव्हते, बोटंही नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. पडद्याकडे ते मागापाशी उभं राहून बघतात तसं बघत होते.

सोनेरी पट्टी पूर्ण झाली, तिच्याखाली खात्याचं नाव आलं, आणि ते तिथेच थांबलं. लाइन गेली होती. दुकानातला मुलगा म्हणाला, आज नाही येणार आता. मी काकांकडे बघायचं टाळलं.

"काठ उतरना," काका म्हणाले. काठ उतरला. त्यांनी खिशातून पंच काढलं, उगाच हातात फिरवलं आणि परत ठेवलं. "आते आंग उतरी. त्याले येळ लागस." आता साडीचं अंग उतरेल, त्याला वेळ लागतो.

दुकान बंद करायची वेळ होईपर्यंत आम्ही तिथेच बसलो होतो. निघताना त्यांनी मला विचारलं, पुण्यालाही अशी दुकानं आहेत ना. मी म्हटलं, आहेत. "मग उरलेलं तिथं उतरलं, की वाचून कळव," ते म्हणाले. "लिहून कळव हां, माय. तोंडी नको."